वायु तापविण्याचा हिशेब
(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या विषयाचें नांव ऐकून कित्येकांस वाटेल कीं, हा तर शाळेच्या फळ्यावरचा विषय. घरीं बसून ऐकणारांस त्याचा काय उपयोग? परंतु आपल्या घरांत दिवा लागतो, पंखा फिरतो, पाणी वरच्या मजल्यावर चढतें, त्या विजेचा कांहीं भाग जेथें तयार होतो तेथें दर क्षणीं हाच हिशेब चाललेला असतो. म्हणून आज आपण तो हिशेब सावकाशपणें समजावून घेऊं. माझ्याजवळ येथें फळा नाहीं, खडू नाहीं. तेव्हां ज्यांना शक्य असेल त्यांनीं एखादा कागद व पेन्सिल जवळ घेऊन बसावें. ज्यांना तें शक्य नसेल त्यांनीं आंकडे सोडून नुसता विचार ध्यानांत ठेविला तरी चालेल.

मुंबई बंदराच्या पूर्वेस, घारापुरीच्या पलीकडे, न्हावा आणि शेवा हीं गांवें आहेत. १९८९ सालच्या मे महिन्यांत तेथें जवाहरलाल नेहरू यांच्या नांवाचें मोठें बंदर सुरू झालें. आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीपासून न्हावा शेव्यापर्यंतचा समुद्रावरील पूल खुला झाल्यापासून तर हा कांठ मुंबईकरांच्या अगदीं दाराशीं आला आहे. या बंदराच्या शेजारींच, उरण तालुक्यांत बोकडवीरा येथें, महाराष्ट्र राज्याच्या वीजनिर्मिति कंपनीचें वायूवर चालणारें विद्युतगृह आहे. त्याची स्थापित शक्ति ६७२ मेगावॅट इतकी सांगतात. मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रांत १९७४ सालीं तेलाचा सांठा लागला. त्याबरोबर निघणारा नैसर्गिक वायु समुद्राच्या तळावरून सुमारें दोनशें किलोमीटर लांबीच्या नळांतून उरणच्या कांठीं आणण्यांत आला, आणि या विद्युतगृहाची उभारणी त्या वायूच्या भरंवशावर झाली.

अशा विद्युतगृहांतील यंत्राची रीत थोडक्यांत सांगतों. बाहेरची साधी हवा यंत्र आंत ओढून घेतें व ती जोरानें दाबतें. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंप कसा तापतो, हें आपण सर्वांनीं अनुभविलेलें आहे. त्याचप्रमाणें दाबलेली हवाहि तापते, आणि तिचें उष्णमान तीनशें-चारशें अंशांपर्यंत चढतें. मग त्या हवेंत इंधनवायु जाळतात. हवा हजार अंशांच्या वर तापते, फुगते आणि टर्बाईनच्या पात्यांवर आदळून तीं फिरविते. पातीं फिरलीं कीं त्यांस जोडलेलें विजेचें यंत्र फिरतें. टर्बाईनमधून बाहेर पडणारी हवाहि पांचशें अंशांच्या आसपास तापलेली असते. ती फुकट न दवडतां तिच्यावर पाण्याची वाफ करून वाफेचें दुसरें यंत्र चालवितात. उरण येथेंहि अशीं वाफेचीं यंत्रें पुढें जोडण्यांत आलीं.

आतां या सर्व कारभारांत मूळ प्रश्न एकच. दाबलेली हवा ठराविक उष्णमानापर्यंत तापवावयाची, तर उष्णता किती लागेल? कारण जितकी उष्णता, तितका इंधनवायु. आणि जितका इंधनवायु, तितका पैसा. आपण उदाहरणादाखल एक किलो हवा घेऊं, आणि ती ३२७ अंशांपासून १०२७ अंशांपर्यंत तापवूं. आंकडे असे विचित्र घेण्याचें कारण इतकेंच कीं, शास्त्रज्ञांचीं कोष्टकें निरपेक्ष मापाचीं असतात. त्या मापाचे ६०० आणि १३०० अंश म्हणजेच आपल्या सेल्सिअस मापाचे ३२७ आणि १०२७ अंश.

शाळेंत शिकविलेली रीत सर्वांस पाठ आहे. पदार्थाचें वजन, त्याची विशिष्ट उष्णता, आणि उष्णमानांतील वाढ, या तिहींचा गुणाकार करावा म्हणजे लागणारी उष्णता मिळते. एक किलो पदार्थाचें उष्णमान एक अंशानें वाढविण्यास जी उष्णता लागते, तिला विशिष्ट उष्णता म्हणतात. एक लिटर पाण्याची ती सुमारें ४.२ किलोज्यूल आहे. म्हणून चहासाठीं एक लिटर पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवावयाचें, तर ४.२ गुणिले ७०, म्हणजे २९४ किलोज्यूल लागतात. हा हिशेब बरोबर आहे. कारण गोठण्यापासून उकळण्यापर्यंत पाण्याची विशिष्ट उष्णता जवळजवळ एकसारखी राहते, तिच्यांत शेंकडा एकाहून अधिक फरक पडत नाहीं. पाणी हा असा सरळमार्गी पदार्थ असल्यामुळें आपली समजूत होऊन बसली आहे कीं, विशिष्ट उष्णता म्हणजे प्रत्येक पदार्थाच्या कपाळीं कायमचा लिहिलेला आंकडा.

हवेचा असा आंकडा पुस्तकांत १.००५ किलोज्यूल दिलेला असतो. तो घेऊन आपलें उदाहरण सोडविलें, तर उष्णमानाची वाढ ७०० अंश, म्हणून उत्तर सुमारें ७०४ किलोज्यूल. विद्यार्थ्यास पूर्ण गुण मिळतील. पण यंत्राला तें उत्तर मान्य होणार नाहीं. त्याला प्रत्यक्षांत ७८९ किलोज्यूल लागतात! मधले ८५ किलोज्यूल कोठें गेले?

ते कोठेंहि गेले नाहींत; ते आपल्या हिशेबांत आलेच नाहींत. १.००५ हा आंकडा २७ अंशांवरील हवेचा आहे, म्हणजे आपल्या कोंकणकिनाऱ्यावरील साध्या दिवसाच्या हवेचा. जसजशी हवा तापत जाते, तसतशी तिची विशिष्ट उष्णता वाढत जाते. ३२७ अंशांवर ती १.०५ होते, ५२७ अंशांवर १.१० होते, ७२७ अंशांवर १.१४ होते, आणि १०२७ अंशांवर १.१९ च्या जवळ येते. म्हणजे थंड हवेस एक अंश चढण्यास जेवढी उष्णता पुरते, तेवढी तापलेल्या हवेस एक अंश चढण्यास पुरत नाहीं. पुढचा प्रत्येक अंश मागच्या अंशाहून थोडा महाग.

घरोघरच्या अनुभवांत याला एक चांगला दाखला आहे, तो विजेच्या बिलाचा. महाराष्ट्रांत घरगुती विजेच्या पहिल्या १०० युनिटांस एक दर, १०१ पासून ३०० पर्यंतच्या युनिटांस त्याहून चढा दर, आणि त्यापुढें आणखी चढा दर लागतो. आतां एखाद्या गृहस्थानें महिन्याचीं ४५० युनिटें पहिल्याच दरानें गुणलीं, तर त्याचा अंदाज चुकून बिल आल्यावर त्याला धक्का बसेल. दुसऱ्या गृहस्थानें सगळीं युनिटें शेवटच्या चढ्या दरानें गुणलीं, तर तो उगाच घाबरून जाईल. खरा हिशेब टप्प्याटप्प्यानें करावयाचा असतो: प्रत्येक टप्प्याचीं युनिटें त्या त्या टप्प्याच्या दरानें गुणावयाचीं आणि शेवटीं बेरीज करावयाची. हवेचा हिशेबहि असाच करावा लागतो. भेद इतकाच कीं, विजेचा दर टप्प्यावर एकदम उडी मारतो, आणि हवेचा दर अंशाअंशानें हळूहळू चढतो.

तेव्हां आपण शंभर शंभर अंशांच्या पायऱ्या करूं. २७ अंशांपासून १२७ अंशांपर्यंत एक किलो हवा तापविण्यास १०१ किलोज्यूल लागतात. पुढच्या शंभर अंशांस १०२, त्यापुढच्यांस १०४, मग १०६, मग १०९. याप्रमाणें आपण ५२७ अंशांवर पोंचतों. त्यापुढच्या पायऱ्या १११, ११३, ११५, ११७ आणि ११८ किलोज्यूलांच्या. आणि आपण १०२७ अंशांवर येतों. पहिली पायरी १०१ ची, दहावी ११८ ची. जिना एकच, उंची तीच, पण वरच्या पायरीवर चढतांना अधिक दम लागतो.

आपलें उदाहरण ३२७ अंशांपासूनचें आहे. म्हणून पहिल्या तीन पायऱ्या सोडून द्याव्या व पुढच्या सात घ्याव्या: १०६, १०९, १११, ११३, ११५, ११७, ११८. बेरीज ७८९. हेंच तें यंत्राचें उत्तर.

कोणी म्हणेल, प्रत्येक वेळीं इतक्या पायऱ्या मोजीत कोणी बसावें? त्यासाठीं एक सोपी वाट आहे, आणि ती भूमितींत शिकलेल्या समलंब चौकोनाची वाट आहे. कागदावर आडव्या रेषेवर उष्णमान मांडा, आणि प्रत्येक उष्णमानावर विशिष्ट उष्णतेएवढी उभी उंची घ्या. दर स्थिर असता तर वरची रेषा सपाट आली असती व आकृति काटकोन चौकोनाची झाली असती. दर चढता असल्यामुळें वरची रेषा कलती येते, आणि आकृति समलंब चौकोनाची होते. लागणारी उष्णता म्हणजे त्या आकृतीचें क्षेत्रफळ. उरणच्या मिठागरांतील एखादा कोंडा एका बाजूला अरुंद व दुसऱ्या बाजूला रुंद असला, तर त्याचें क्षेत्रफळ काढतांना मोजणीदार काय करतो? दोन्ही बाजूंच्या बेरजेचें निम्में घेऊन लांबीनें गुणतो. तेंच येथें करावें. आरंभींचा दर १.०५, शेवटचा १.१९, निम्मी बेरीज १.१२, सातशेंनीं गुणलें म्हणजे ७८४. किंवा अगदीं मधल्या उष्णमानावरील दर घ्यावा. ३२७ आणि १०२७ यांचा मध्य ६७७. तेथें हवेची विशिष्ट उष्णता १.१३ आहे, सातशेंनीं गुणलें म्हणजे ७९१. दोन्ही उत्तरें ७८९ च्या इतकीं जवळ आहेत कीं, तोंडच्या अंदाजास तीं पुरेशीं आहेत. वरची रेषा वांकडीतिकडी असेल, किंवा अधिक बिनचूकपणा हवा असेल, तर मात्र आकृतीच्या बारीक पट्ट्या पाडाव्या लागतात. पट्ट्या अतिशय बारीक केल्या म्हणजे त्या बेरजेला कलनशास्त्रांत नांव आहे; पण नांव मोठें असलें तरी वस्तु तीच, टप्प्याटप्प्याची बेरीज.

येथें विद्यार्थ्यांस एक सूचना करितों. पुस्तकांत पुष्कळ वेळां या चढत्या दराचें सूत्र दिलेलें असतें. हवेसाठीं तें साधारणपणें असें मांडतां येतें: ०.९५ घ्यावे, आणि त्यांत उष्णमानाच्या दर शंभर अंशांस ०.०१८५ मिळवावे. पण हें उष्णमान निरपेक्ष मापाचें, म्हणजे सेल्सिअस मापांत २७३ मिळवून आलेलें. उष्णमानाची नुसती वाढ काढतांना दोन्ही मापें सारखींच, म्हणून तेथें चूक लपून राहते. पण सूत्रांत सेल्सिअसचा आंकडा घातला, तर दरच मुळांत कमी निघतो आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो. तेव्हां सूत्र वापरण्यापूर्वीं तें कोणत्या मापाचें आहे, हें पाहिल्यावांचून पेन्सिल उचलूं नये.

आतां या ८५ किलोज्यूलांच्या फरकाचें मोल काय, तें पाहूं. शंभर मेगावॅटच्या आसपासच्या टर्बाईनमधून दर सेकंदास शेंकडों किलो हवा जाते. आपण हिशेबापुरती दर सेकंदास ४०० किलो धरूं. मग फरक झाला दर सेकंदास ३४,००० किलोज्यूल. अहोरात्रांत ८६,४०० सेकंद असतात. गुणाकार केला, तर एका दिवसाचा फरक सुमारें दोनशें चौऱ्याण्णव कोटि किलोज्यूल होतो. हा आंकडा डोळ्यांपुढें उभा राहत नाहीं. म्हणून तो स्वयंपाकघराच्या भाषेंत सांगतों. आपल्या घरीं येणाऱ्या १४.२ किलोच्या सिलिंडरांत साधारण साडेसहा लक्ष किलोज्यूल उष्णता असते. त्या मापानें हा एका यंत्राचा एका दिवसाचा फरक साडेचार हजार सिलिंडरांच्या बरोबरीचा झाला!

याचा अर्थ इतका वायु वाया जातो, असा नव्हे. यंत्राला जी उष्णता लागावयाची ती लागतेच. पण ज्यानें शाळेच्या आंकड्यानें अंदाज बांधला असेल, त्याचे नळ लहान पडतील, त्याची वायूची मागणी अपुरी ठरेल, आणि त्याचा खर्चाचा अजमास बिघडेल. उरणच्या विद्युतगृहास नैसर्गिक वायूचा तुटवडा कित्येक वर्षें जाणवत आला आहे. जेथें माल मुळांतच थोडा, तेथें शेंकडा बारांची चूक ही कांहीं कागदावरची चूक राहत नाहीं.

दुसरीहि एक गोष्ट आहे, आणि ती पैशाहून गंभीर आहे. समजा, ७०४ किलोज्यूल पुरतील असें मानून तेवढाच इंधनवायु सोडला. मग हवा १०२७ अंशांपर्यंत चढणारच नाहीं. ती ९५५ अंशांच्या जवळपास थांबेल, म्हणजे सुमारें ७० अंश कमी. यंत्राचें काम तितकें कमी होईल. याच्या उलट कोणी सावधपणा म्हणून शेवटचा चढा दर, १.१९, सगळ्या वाढीस लाविला, तर उत्तर ८३३ येईल. आणि तेवढी उष्णता दिली, तर हवा ठरल्याहून ३५ अंशांपेक्षां अधिक तापेल. ऐकण्यास ३५ अंश थोडे वाटतात. पण टर्बाईनचीं पातीं अगोदरच धातूच्या सहनशक्तीच्या कडेवर काम करीत असतात. त्यांना आंतून हवा खेळवून थंड ठेवावें लागतें. त्यांना रोज थोडी अधिक उष्णता सोसावी लागली, तर त्यांचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणून अशा यंत्रांवर उष्णमान मोजणारीं साधनें अहोरात्र पहारा ठेवतात. कमी अंदाजाचा तोटा आणि अधिक अंदाजाचा तोटा, दोन्ही तोटेच. सावधपणा म्हणून अधिक धरणें हें प्रत्येक ठिकाणीं शहाणपणाचें असतें असें नाहीं.

आतां आपण कारणाकडे वळूं. हवा तापली म्हणजे तिची भूक कां वाढावी?

हवेचा बहुतेक भाग नायट्रोजन व ऑक्सिजन या दोन वायूंचा. या दोहोंचा प्रत्येक रेणु दोन अणूंचा असतो. दोन लिंबें एका ताठ स्प्रिंगेनें जोडलीं आहेत, अशी कल्पना करा. हा जोड तीन तऱ्हांनीं हालूं शकतो. तो सरळ धांवूं शकतो. तो गरगर फिरूं शकतो. आणि स्प्रिंग ताणून व आंखडून त्याचीं दोन लिंबें एकमेकांशीं कंप पावूं शकतात. वायूचें उष्णमान म्हणजे केवळ त्यांतील धांवण्याच्या वेगाचें माप. फिरण्यांत आणि कंपांत गेलेली उष्णता उष्णमान वाढवीत नाहीं. ती जणूं दुसऱ्या खात्यांत जमा होते.

साध्या उष्णमानावर हवेचे रेणु धांवतात आणि फिरतात, पण कंपाचें खातें जवळजवळ बंद असतें. असें कां? एक दुकान आहे आणि तेथें पांचशेंच्या नोटेखेरीज दुसरें कांहीं घेत नाहींत, असें समजा. ज्यांच्या खिशांत दहा-वीस रुपये आहेत, अशीं गिऱ्हाइकें त्या दुकानाच्या पायरीवरून परत जातात. पण बाजारांतील लोक हळूहळू श्रीमंत होऊं लागले, तर एक एक गिऱ्हाईक आंत शिरूं लागतें. रेणूच्या कंपाचें असेंच आहे. तो उष्णता घेतो ती ठराविक मापाच्या तुकड्यांनींच घेतो. त्याहून लहान तुकडा त्याला चालत नाहीं. थंड हवेंत रेणूंच्या टकरा सौम्य असतात, त्यांत एवढा मोठा तुकडा देण्याची ऐपत नसते. हवा तापली कीं टकरा जोरदार होतात, आणि कंपाचें दुकान उघडतें. ऑक्सिजनचा तुकडा नायट्रोजनच्या तुकड्याहून लहान, म्हणून ऑक्सिजनचें दुकान आधीं उघडतें, नायट्रोजनचें मागाहून. दुकान जसजसें चालूं लागतें, तसतशी दिलेल्या उष्णतेपैकीं कांहीं तिकडे वळते, आणि उष्णमान एक अंश चढविण्यास अधिक उष्णता खर्चावी लागते.

या विचाराची परीक्षा घेण्यास निसर्गानेंच साधन दिलें आहे. हवेंत शेंकडा एकाच्या जवळपास आर्गॉन नांवाचा वायु असतो. जुन्या विजेच्या दिव्यांत तो भरीत असत. त्याचा रेणु एकाच अणूचा. एकट्या लिंबास कंप कसला? म्हणून त्याची विशिष्ट उष्णता थंडींत जेवढी, हजार अंशांवरहि तेवढीच. हाच खरा शाळेच्या रीतीचा वायु! उलट ज्या नैसर्गिक वायूवर उरणचें यंत्र चालतें, त्याचा मुख्य घटक मिथेन; त्याच्या एका रेणूंत पांच अणु, आणि कंपाच्या तऱ्हा नऊ. त्याची विशिष्ट उष्णता २७ अंशांवर सुमारें २.२ असते, ती ७२७ अंशांवर सुमारें ४.५ होते, म्हणजे दुप्पट! मिथेनला एकच आंकडा लावून जो हिशेब करील, त्याची फसगत किती होईल, हें सांगावयास नको.

ही गोष्ट माणसाला एकदम कळली नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेनो या फ्रेंच शास्त्रज्ञानें हवेची विशिष्ट उष्णता फार काळजीपूर्वक मोजली. त्याचे प्रयोग सुमारें दोनशें अंशांपर्यंतचे होते. आणि तेवढ्या मर्यादेंत त्याला ती जवळजवळ स्थिर आढळली. त्याचें मोजमाप चोख होतें. कार्बन डायॉक्साइडची विशिष्ट उष्णता उष्णमानाबरोबर वाढते, हें त्याच्याहि नजरेस आलें होतें. पुढें १८८३ सालीं मालार आणि ल शातेलिए या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं बंद भांड्यांत वायूंचे स्फोट घडवून त्यांचा दाब मोजला, आणि अतिशय तापलेल्या वायूंची विशिष्ट उष्णता थंड वायूंपेक्षां बरीच अधिक असते असा निष्कर्ष काढला. पण ती कां वाढते, हें कोडें जुन्या विज्ञानास सुटेना. प्लांक यांनीं १९०० सालीं शक्तीच्या ठराविक तुकड्यांची कल्पना मांडली, आणि आइन्स्टाइन यांनीं १९०७ सालीं ती घन पदार्थांच्या विशिष्ट उष्णतेस लाविली. तीच कल्पना पुढें वायूंसहि लागू पडली. म्हणजे ज्या नव्या पदार्थविज्ञानाचा आज एवढा बोलबाला आहे, त्याच्या उगमाशीं हा तापविण्याचा साधा हिशेबहि होता.

प्रत्यक्ष कामांत आणखी तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या लागतात. त्या थोडक्यांत सांगतों.

पहिली अशी कीं, वायूला विशिष्ट उष्णता एक नसून दोन असतात. घट्ट बंद भांड्यांत हवा तापविली, तर एका अंशास ०.७१८ किलोज्यूल पुरतात. पण तिला फुगण्यास वाव दिला, तर १.००५ लागतात, कारण फुगतांना ती भोंवतालच्या हवेस मागें ढकलते, आणि त्या श्रमाची मजुरी उष्णतेंतूनच द्यावी लागते. ही मजुरी ०.२८७ किलोज्यूल, आणि गंमत अशी कीं, उष्णमान चढलें तरी ती बदलत नाहीं. टर्बाईनच्या जळणकोठींत दाब जवळजवळ स्थिर राहतो, म्हणून आपण सगळीकडे दुसरा आंकडा घेतला.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. श्रावणांतील उरणची हवा ३० अंशांवर अगदीं ओलीचिंब असली, तर एक किलो कोरड्या हवेमागें सुमारें २७ ग्रॅम वाफ असते. वाफेची विशिष्ट उष्णता हवेच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून अशी हवा तापविण्यास शेंकडा दोन अधिक उष्णता लागते.

तिसरी गोष्ट अशी कीं, इंधन जळल्यावर हवा ही नुसती हवा राहत नाहीं. तींत कार्बन डायॉक्साइड व वाफ मिसळतात, आणि शंभर किलो हवेमागें दीड-दोन किलो इंधनाचेंहि वजन पडतें. काटेकोर हिशेबांत प्रत्येक घटकाचें क्षेत्रफळ निरनिराळें काढून बेरीज करावी लागते. पण रीत बदलत नाहीं.

आणि आतां या हिशेबाची दुसरी बाजू. टर्बाईनमधून बाहेर पडलेली ५२७ अंशांची हवा वाफेच्या भट्टींत १२७ अंशांपर्यंत थंड केली, तर एक किलोमागें किती उष्णता परत मिळेल? शाळेच्या आंकड्यानें ४०२ किलोज्यूल. खऱ्या हिशेबानें आपल्या पायऱ्या उलट उतराव्या: १०९, १०६, १०४, १०२, बेरीज ४२१. येथें चूक आपल्या पदरांत पडते. चढतांना ज्या पायरीवर जास्त मोजावें लागलें, उतरतांना तीच पायरी तेवढेंच परत करते. निसर्गाच्या वहींत जमा आणि नांवें दोन्हीं एकाच दरानें लिहिलेलीं असतात. जो पहिल्या बाजूस एक दर आणि दुसऱ्या बाजूस दुसरा दर धरील, त्याचा ताळेबंद कधींच जुळणार नाहीं.

श्रोतेहो, मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक झालेला आणि उभा जन्म मुलांस अंकगणित व पदार्थविज्ञान शिकविलेला एक मास्तर आहें. पण आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं शिकणारीं मुलें आहेत, त्यांना एक विनंति करावीशी वाटते. मूल एखाद्या पदार्थाची विशिष्ट उष्णता, किंवा दुसरा कोणताहि आंकडा, घोकून म्हणून दाखवूं लागलें, तर त्याला शाबासकी अवश्य द्यावी, पण त्याबरोबर "हा आंकडा कोठून कोठपर्यंतचा?" एवढें विचारावें. १.००५ हा आंकडा खोटा नाहीं. तो आपल्या घरांतल्या हवेपुरता पूर्ण खरा आहे. रेनो याचा निष्कर्षहि त्याच्या मर्यादेंत खराच होता. हद्दीबाहेर नेलेलें सत्य मात्र फसवितें. आणि ती फसगत शाळेच्या पाटीवर दिसत नाहीं, ती बोकडवीऱ्याच्या जळणकोठींत दिसते.

ज्यांनीं कागद-पेन्सिल घेतली असेल, त्यांच्यासाठीं जातां जातां एक उदाहरण देतों. एक किलो हवा २७ अंशांपासून ५२७ अंशांपर्यंत तापवावयाची आहे. प्रथम १.००५ नें गुणून उत्तर काढा. मग पहिल्या पांच पायऱ्यांची बेरीज करा. पहिलें उत्तर ५०२ आणि ५०३ यांच्या मध्यावर येईल, दुसरें ५२२ यावें. दोहोंत फरक शेंकडा चारांचा. तो ३२७ पासून १०२७ पर्यंतच्या फरकाहून इतका लहान कां, याचा विचार घरांतल्या मुलांनीं करावा. उत्तर आजच्या भाषणांतच आहे.